कोरीव चामड्याचें रंगकाम : त्याची रीत व त्यावरून होणारी काळपरीक्षा

जुने कागद व पोथ्या जमविणाऱ्या गृहस्थांस शाईची परीक्षा नवी नाहीं. काजळाची शाई कोणती व हिराकसाची कोणती, कागद देशी कीं विलायती, मोडीचें वळण कोणत्या अमदानींतलें, ह्या गोष्टी पत्र हातीं येतांच ते पाहूं लागतात. परंतु अशाच संग्रहांत कधीं कधीं चामड्याची एखादी वस्तु येऊन पडते. चित्रकथीच्या पोथीबरोबर आलेली छायाखेळाची बाहुली किंवा फारसी ग्रंथाचा नक्षीदार पुठ्ठा हीं त्याचीं ठळक उदाहरणें होत. अशा वस्तूची नोंद बहुधा 'चामडें, कोरीव, रंगीत' ह्या तीन शब्दांत आटोपते. रंग कातड्यांत मुरला आहे कीं वर बसला आहे, नक्षी आधीं कोरली कीं रंग आधीं दिला, मूळचा रंग कोणता व मागाहून चढविलेला कोणता, हें कोणी विचारीत नाहीं. न विचारल्यानें काय गमावतें आणि विचारल्यानें काय हातीं लागतें, तें सांगावें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, कोरीव चामड्यावरील रंग हा केवळ शोभेचा भाग नव्हे. पत्रावरील शाईप्रमाणें तोही इतिहासाचें साधन आहे. ज्या लोकांनीं हीं चित्रें कोरलीं व रंगविलीं, त्यांच्या घरीं दप्तरें नव्हतीं. त्यांचा जो इतिहास उरला आहे तो तोंडी परंपरेंत व ह्या कातड्यांवर उरला आहे. म्हणून फिकट पडलेल्या बाहुलीस उजाळा देण्याच्या हेतूनें जो संग्राहक तीवर नवा रंग फिरवितो, तो अजाणतां अस्सल कागदावर नवीन अक्षरें गिरवीत असतो.

१. मुरणारा रंग व लेपाचा रंग

चामड्यावर रंग दोन प्रकारांनीं राहतो. पहिला प्रकार मुरणाऱ्या रंगाचा. तो पाण्यांत विरघळतो, पाण्याबरोबर कातड्याच्या तंतूंत शिरतो आणि पाणी सुकलें म्हणजे त्या तंतूंस धरून राहतो. लाखेचा तांबडा, हळदीचा पिवळा व कापड रंगविण्याचे अलीकडचे बहुतेक रासायनिक रंग ह्या जातीचे होत. दुसरा प्रकार लेपाच्या रंगाचा. हिंगूळ, हरताळ, सफेता, काजळ हे पाण्यांत विरघळत नाहींत. त्यांची बारीक पूड डिंकाच्या पाण्यांत किंवा सरसांत खलून पृष्ठावर बसवावी लागते. पोथ्यांतील चित्रें बहुधा ह्या दुसऱ्या रीतीचीं असल्यामुळें संग्राहकांची नजर लेपाच्या रंगास सरावलेली असते, आणि चामड्यावरील मुरलेल्या रंगाकडेही ते त्याच नजरेनें पाहतात.

दोहोंमधील भेद ओळखण्यास दिवा व भिंग एवढें पुरे होतें. वस्तु उजेडासमोर धरली असतां मुरलेल्या रंगांतून प्रकाश पार येतो व रंग खुलतो. लेपाचा रंग प्रकाश अडवितो व तेथें काळा डाग दिसतो. भिंगाखालीं लेपास बारीक भेगा पडलेल्या दिसतात, त्याचे पापुद्रे सुटतात. मुरलेल्या रंगाचा पापुद्रा कधींच निघत नाहीं. तो जातो तेव्हां फिका होऊन जातो. निळीची गोष्ट मात्र थोडी निराळी आहे. नीळ पाण्यांत जशीच्या तशी विरघळत नाहीं. कापडासाठीं ती चुन्याच्या किंवा खाराच्या मडक्यांत आंबवून विरघळवितात, पण असला खार कातड्यास बाधक. म्हणून कातड्यावर नीळ द्यावयाची तर ती खलून, डिंकाच्या पाण्यांत कालवून, लेपासारखी देणें सोयीचें पडतें.

२. कातड्याचा स्वभाव

रंग कसा बसेल हें रंगापेक्षां कातड्यावर अधिक अवलंबून असतें. जनावराच्या कातड्याचें मुख्य द्रव्य म्हणजे कोलॅजेन नांवाचे तंतु. हें कातडें कारागिराच्या हातीं दोन अवस्थांत येतें. पहिली अवस्था कच्च्या कातड्याची. तें भिजवून, केस व मांस खरवडून, ताणून वाळवितात. असें कातडें ताठ व शिंगासारखें अर्धपारदर्शक असतें. दुसरी अवस्था कमावलेल्या चामड्याची. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा ह्यांसारख्या पदार्थांतील तुरट सत्त्व तंतूंत शिरून त्यांस धरून ठेवतें. त्यामुळें चामडें कुजत नाहीं, वाळल्यावरही लवचिक राहतें, पण त्याची पारदर्शकता जाते व त्यास तांबूस किंवा तपकिरी छटा येते.

दोन्ही अवस्थांत एक अडचण समान आहे. सुती कापड रंगाच्या पाण्यांत उकळतां येतें. कातडें येत नाहीं. ओलें कच्चें कातडें सुमारें ६० ते ६५ अंश सेल्सिअस उष्णतेस आकसून गोळा होतें. कमावलेलें चामडें ह्याहून कांहीं अंश अधिक सोसतें, परंतु कढत्या पाण्यापर्यंत त्याचीही मजल जात नाहीं. म्हणून चामड्याचा रंगारी थंड किंवा कोमट पाण्यावर काम करितो आणि रंग बुडवून देण्यापेक्षां बोळ्यानें किंवा कुंचल्यानें थरावर थर देतो. जुनें होऊन तंतु क्षीण झालेलें कातडें तर ह्याहूनही कमी उष्णतेंत आकसतें. ही गोष्ट संग्राहकांनीं विशेष ध्यानांत धरावी.

दुसरा विशेष असा कीं, लोंकर व रेशीम ह्यांप्रमाणें कातडें ही प्राणिज वस्तु आहे. प्राणिज तंतूंस कित्येक रंग आपण होऊन धरतात, तेच सुतावर धरीत नाहींत. लाखेचा रंग ह्यांतलाच. फांदीवरून काढलेली कच्ची लाख कुटून पाण्यांत धुतली म्हणजे तांबडा रंग पाण्यांत उतरतो व राळ मागें राहते. हें पाणी आटवून व तुरटीची जोड देऊन जो रंग होतो, तो लोंकरीवर व रेशमावर चांगला चढतो, आणि त्याच कारणानें कातड्यासही मानवतो. हळद चटकन् चढते, पण उन्हांत तितक्याच चटकन् उडते.

३. छायाखेळाच्या बाहुल्या

कोरणें व रंगविणें ह्या दोन कलांचा सर्वांत निकट संबंध छायाखेळाच्या बाहुल्यांत दिसतो. आंध्रांतील तोलु बोम्मलाट व कर्नाटकांतील तोगलु गोंबेयाट हे ह्या जातीचे प्रसिद्ध खेळ. आंध्रांतील मोठ्या बाहुल्या जवळ जवळ पुरुषभर उंचीच्या असून खांदा, कोपर, कंबर व गुडघा येथें सांधलेल्या असतात. महाराष्ट्रांत कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर मंडळींनीं चित्रकथी व सूत्राच्या बाहुल्या ह्यांबरोबर चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही संभाळला आहे. तेथील बाहुल्या आंध्रांतल्यांपेक्षां लहान असतात.

मराठी वाचकांस ह्यांत एक जिव्हाळ्याची गोष्ट आहे. कर्नाटकांतील किळ्ळेक्यात, आंध्रांतील बाहुलीवाल्यांचीं घराणीं व तामिळ प्रदेशांतील मंडिकर ह्या तिन्ही समाजांत घरची बोली मराठी वळणाची आढळते, आणि आपण महाराष्ट्रांतून आलों अशी परंपरा त्यांच्यांत सांगतात. खेळ कन्नड, तेलुगु किंवा तामिळ भाषेंत होतो. पडद्यामागें आपसांतलें बोलणें मात्र ह्या बोलींत चालतें. ह्या विद्येचा मान अलीकडे सरकारनेंही राखला आहे. अनंतपूर भागांतील निम्मलकुंट्याचे दळवायी चलपति राव ह्यांस इ. स. २०२० मध्यें, पिंगुळीचे परशुराम गंगावणे ह्यांस इ. स. २०२१ मध्यें, व कर्नाटकांतील भीमव्वा शिळ्ळेक्यातर ह्यांस इ. स. २०२५ मध्यें पद्मश्री मिळाली. परंतु हे समाज कोणत्या मार्गानें व केव्हां दक्षिणेंत उतरले, ह्याचे कागद विरळा. त्यांच्या पेट्यांतील जुनीं कातडीं हेंच त्यांचें दप्तर.

आतां ह्या बाहुलीची रचना पाहूं. कच्चें, केस काढलेलें, वाळवून ताणलेलें बकऱ्याचें कातडें घेऊन त्यावर आकृति रेखितात. मग लांकडी ठोकळ्यावर ठेवून छिन्नी व टोचा ह्यांनीं दागिने, वस्त्राचे कांठ, मुकुट ह्यांच्या जागीं गोल, चौकोनी व लांबट छिद्रें पाडितात. मुरणारे रंग दोन्ही बाजूंस भरितात. बाह्यरेषा काजळाची. खेळाच्या वेळीं बाहुली पडद्यास टेकवून धरितात व दिवा तिच्या मागें असतो. त्यामुळें प्रेक्षकास बाहुली दिसत नाहीं. तिच्यांतून आलेला प्रकाश दिसतो.

हें एकदा ध्यानांत आलें म्हणजे कोरणें व रंगविणें हीं निराळीं कामें नव्हेत हें उघड होतें. पडद्यावर उजेडाच्या तीन जाती असतात. छिद्रांतून येणारा उजेड शुभ्र, रंगविलेल्या कातड्यांतून येणारा रंगीत, आणि काजळानें अडविलेली जागा काळी. म्हणजे पांढरा रंग छिन्नीनें दिला जातो, रंगीत रंग पाण्यानें व काळा लेपानें. सीतेच्या गळ्यांतील मोत्यांची माळ हा रंग नसून छिद्रांची रांग असते. येथें पांढरा लेप दिला असता तर पडद्यावर तीं मोत्यें काळीं दिसलीं असतीं.

दोन्ही बाजूंस रंग देण्याचें कारणही ह्यांतच आहे. कच्चें कातडें घट्ट असल्यामुळें पाण्याचा रंग वरच्या थरांतच राहतो, मध्यापर्यंत पुरता पोंचत नाहीं. एकाच बाजूनें दिला तर पडद्यावर तो विरळ उतरतो. दोहों बाजूंनीं दिल्यास प्रकाश दोन थर ओलांडून येतो व रंगास भर येतो. शिवाय पात्रानें पाठ फिरविली कीं बाहुली उलटी धरावी लागते. तेव्हां दोन्ही अंगें सारखींच तयार पाहिजेत.

४. इतर देशींच्या रीती

वरील सिद्धान्ताची कसोटी इतर खेळांशीं ताडून घेतां येते. ओरिसांतील रावणछाया ह्या खेळाच्या बाहुल्या अखंड, सांध्यांवांचून केलेल्या व बिनरंगी असतात. त्यांची सावली काळी पडते व सारा भार आकृतीच्या कडेवर आणि छिद्रांवर असतो. जावा बेटांतील वायांग बाहुल्या म्हशीच्या कातड्याच्या. त्यांचें कोरकाम अत्यंत नाजुक असतें, परंतु वर लेपाचे रंग व सोन्याचा वर्ख दिलेला असतो. लेपामुळें पडद्यावर रंग उतरत नाहीं. मग इतका खर्च कशाला? तर तेथें प्रेक्षक पडद्याच्या दोन्ही बाजूंस बसूं शकतात. खेळविणाऱ्याच्या बाजूस बसलेल्यांस बाहुली प्रत्यक्ष दिसते व सोन्याचा वर्ख त्यांच्यासाठीं असतो. चीनमध्यें शेन्सी प्रांतीं गाईबैलांचें व होपेइ प्रांतांतील लुआन्चौ भागांत गाढवाचें कातडें पारदर्शक होईपर्यंत खरवडून, आधीं कोरून व मग मुरणारे रंग देऊन, बाहुल्या करितात. त्यांचे रंग पडद्यावर कांचेसारखे दिसतात.

ह्यावरून नियम निघतो तो असा. ज्या वस्तूंतून प्रकाश जावयाचा आहे तिला मुरणारा रंग; जिच्यावर प्रकाश पडावयाचा आहे तिला लेपाचा रंग चालतो. दक्षिणी किंवा कोंकणी छायाबाहुलीवर जाड, प्रकाश अडविणारा रंग सर्व अंगभर आढळला, तर तो खेळणाऱ्याचा नव्हे, भिंतीवर टांगणाऱ्याचा असण्याचा संभव मोठा. अशी बाहुली मुळांत जुनी असूं शकेल. पण तिचा तो रंग ती पडद्यावरून उतरल्यानंतरचा समजावा.

५. ग्रंथांचे पुठ्ठे व लोखंडाचा काळा

आपल्या मराठी व संस्कृत पोथ्या सुट्या पत्रांच्या, लांकडी फळ्यांत व बासनांत बांधलेल्या. त्यांस चामड्याची बांधणी नसते. परंतु फारसी ग्रंथ बाळगणाऱ्यांस चामड्याचा पुठ्ठा परिचित आहे. येथें चामडें कमावलेलें असतें, प्रकाश आरपार जात नाहीं, आणि रंगकामाची सारी रीत बदलते. इराणांत पंधराव्या शतकांतील उत्तम पुठ्ठ्यांच्या आंतील बाजूस चामडें जाळीसारखें कोरून तें रंगीत, पुष्कळदां निळ्या, भूमीवर चिकटविलेलें असतें. येथें रंग चामड्यांत नसून चामड्याखालीं असतो व कोरलेल्या फटींतून दिसतो. जाळीचा तुकडा गळाला तरी खालचा रंग जपावा. मूळ कामाचा तोच अर्धा भाग.

जेथें चामडें आरपार न कापतां केवळ वरून कोरलेलें असतें, तेथें आणखी एक चमत्कार दिसतो. चामड्याचा वरचा पापुद्रा दाट व खालचे तंतु विरळ असतात. सुरीनें पापुद्रा कापला गेला कीं विरळ तंतु उघडे पडतात व रंग अधिक पितात. त्यामुळें एकच रंग एका हातानें दिला तरी कोरलेल्या रेषा आपोआप गडद उमटतात. जुन्या कामांतील रेषांची ही गडद छटा निराळा रंग भरून आलेली नसते. उलट, रेषा फिकी व भोंवतालचा भाग गडद असेल तर रेषा रंगानंतर कोरली गेली असें समजावें.

कमावलेल्या चामड्यावर काळा रंग करण्याची जुनी युक्ति शाईवाल्यांच्या ओळखीची आहे. चामड्यांत तुरट सत्त्व आधींच असतें. त्यावर लोखंडाचें पाणी दिलें कीं दोहोंचा संयोग होऊन जागच्या जागीं काळा रंग उत्पन्न होतो. गंजलेलें लोखंड गुळाच्या पाण्यांत आंबवून तयार केलेलें हें पाणी हिरड्यांत भिजविलेल्या कापडावर काळा उमटविण्यासाठीं कलमकारी करणारेही वापरतात. हिरड्याची व हिराकसाची शाई ह्याच तत्त्वावर होते, आणि तिचा दोषही हाच रंग बरोबर घेऊन येतो. लोहयुक्त शाईनें अक्षरांच्या जागीं कागद कुरतडलेला आपण पाहतों. त्याचप्रमाणें लोखंडानें काळें केलेलें चामडें त्या त्या जागीं आधीं ठिसूळ होऊन झडतें. काजळाचा काळा असा खात नाहीं. नक्षीचे काळे भाग तेवढे झडले असून तांबडे शाबूत असतील, तर तेथें लोखंडाचा काळा होता असा तर्क करण्यास जागा आहे.

रंगानें चामड्याचा घात होतो ह्याचें दुसरें मोठें उदाहरण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतील ग्रंथबांधणीचें. विलायतेंत त्या काळचीं पुस्तकें थोड्याच वर्षांत लाल भुगा होऊन झडूं लागलीं, तेव्हां लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सनें चौकशी समिति नेमली व तिचा अहवाल इ. स. १९०१ मध्यें निघाला. रंग खुलावा म्हणून रंगाच्या पाण्यांत घातलेलें गंधकाम्ल हें एक कारण त्या चौकशींत ठरलें. तरवडाच्या सालीनें कमावून हिंदुस्थानांतून जाणाऱ्या कातड्यांची निवड टिकाऊपणाच्या दृष्टीनें वाईट ठरली, आणि सुमाकाच्या पानांनीं कमावलेलें चामडें उत्तम ठरलें. ज्यांच्या कपाटांत त्या काळचे चामडी बांधणीचे ग्रंथ आहेत, त्यांस हाताला लागणारा तांबडा भुगा कोठून येतो ह्याचें उत्तर ह्यांत मिळेल.

६. रंगावरून काळ

विलायती कागदावरील जलचिन्हांत साल असलें तर तो कागद त्या सालापूर्वीचा नव्हे, एवढें तरी निश्चित होतें. रासायनिक रंगांचें काम असेंच आहे. लंडनमध्यें पर्किन ह्यानें इ. स. १८५६ मध्यें पहिला अनिलीन रंग, जांभळा, तयार केला. थोड्याच वर्षांत मॅजेंटा हा भडक किरमिजी रंग निघाला. मंजिष्ठेंतील अलिझरीन इ. स. १८६८ मध्यें कृत्रिम रीतीनें सिद्ध झालें. मॅलाकाइट हिरवा इ. स. १८७७ मधला, रोडामीन इ. स. १८८७ मधला, आणि कृत्रिम नीळ इ. स. १८९७ मध्यें जर्मनींतून बाजारांत आली. बाहुलीवर मॅजेंटा आढळला तर तो रंग इ. स. १८५६ पूर्वींचा नाहीं, ह्यांत शंका नको.

परंतु ह्या अनुमानास दोन मर्यादा आहेत. पहिली ही कीं, साल रंगाचें मिळतें, कातड्याचें नव्हे. जुन्या बाहुलीवर नवा रंग चढलेला असूं शकतो. दुसरी ही कीं, रासायनिक रंग न आढळल्यानें वस्तु जुनी ठरत नाहीं, कारण लाख, हळद व काजळ पुढेंही वापरांत राहिलीं.

फिकें तें जुनें ही समजूतही टाकून दिली पाहिजे. पहिल्या पिढीचे अनिलीन रंग उजेडांत फार लवकर उडतात. लाखेचा तांबडा त्या मानानें टिकाऊ. म्हणून पन्नास वर्षांची बाहुली फिकट आणि दीडशें वर्षांची तांबडीलाल, असें होऊं शकतें. हिरव्या रंगाचीही अशीच फसगत होते. जुना हिरवा पुष्कळदां नीळ व एखादा वनस्पतीचा पिवळा मिळून केलेला असतो. पिवळा आधीं उडतो व निळा मागें राहतो. पानें निळीं दिसलीं म्हणून चित्रकारानें तीं निळीं काढलीं असें लिहूं नये. कातड्याच्या दुमडलेल्या किंवा सांध्याखालीं झांकलेल्या भागांत पाहावें, तेथें हिरवा अद्याप सांपडण्याचा संभव असतो.

वस्तूस धक्का न लावतां करण्याची एक परीक्षा सांगतों. अंधाऱ्या खोलींत अतिनील किरणांच्या दिव्याखालीं बाहुली धरावी. रोडामीन व इओसिन ह्यांसारखे कांहीं रासायनिक रंग तेथें स्वतः प्रकाशूं लागतात. ह्या परीक्षेनें प्रत्येक रंगाचें नांव कळत नाहीं. पण एकाच तांबड्या अंगावर दोन निराळे तांबडे असले तर ते बहुधा वेगळे पडतात, आणि डागडुजी कोठें झाली तें उघड होतें. वस्तूवर किरण मात्र क्षणभरच पाडावे, कारण ते रंगास घातक आहेत.

७. कोरणें, रंग व काजळी ह्यांचा क्रम

आमच्या मतें सर्वांत उपयुक्त पुरावा छिद्रांच्या आंतल्या कडेवर असतो. भिंगानें ती कड पाहावी. आधीं कोरून मग रंग दिला असेल, तर रंग कडेवरही उतरलेला असतो. आधीं रंगवून मग कोरलें असेल, तर कड कच्च्या कातड्याच्या रंगाची, फिकट असते. एकाच बाहुलींत मुकुटाच्या छिद्रांची कड रंगीत व कमरपट्ट्याच्या छिद्रांची फिकट असली, तर कमरपट्ट्याचें कोरकाम मागाहून झालें किंवा पात्राचें रूप पालटलें, असा संशय घ्यावा.

ह्या दोहोंत तिसरा साक्षीदार काजळी. हे खेळ पूर्वीं तेलाच्या दिव्यावर होत व एकेक खेळ रात्रभर चाले. दिव्याची काजळी व तेलकट धूर छिद्रांच्या कडांवर व सांध्यांच्या खोबणींत बसे. रंगावर काजळी असेल तर तो रंग खेळाच्या काळचा. काजळीवर रंग असेल तर तो मागाहून दिलेला. आणि काजळीचे दोन थर असून मध्यें रंगाचा एक थर असेल, तर बाहुली वापरांत असतांनाच खेळणाऱ्यानें ती पुन्हा रंगविली असें ठरतें. असा दुसरा रंग हा दोष नव्हे. तो त्या बाहुलीच्या आयुष्याचा भाग आहे व मूळ रंगाइतकाच जपण्याजोगा आहे. काजळीवर बसलेला व स्वतः स्वच्छ असा रंग तेवढा बाजारचा समजावा.

ह्यासाठीं बाहुली स्वच्छ करण्याची घाई ही सर्वांत मोठी हानि. ओल्या फडक्यानें काजळी निघते, तिच्याबरोबर पाण्यांत विरघळणारा रंगही निघतो, आणि क्रम दाखविणारा पुरावा एका हातासरशी नाहींसा होतो.

८. संग्राहकांस सूचना

ओल, उष्णता व उजेड हे तीन शत्रु. कच्चें कातडें हवेंतील ओलीबरोबर फुगतें व आकसतें; म्हणून पावसाळ्यांत तें भिंतीवर टांगूं नये व वांकडें झालें तरी इस्तरी फिरवूं नये. तेल लावूं नये. तेलानें कच्चें कातडें प्रथम उजळ दिसतें, पण पुढें तेल पिवळें पडून धूळ धरतें व रंग मंद होतो. कमावलेल्या चामड्यासही नेमानें तेल चोळण्याची चाल आतां जाणत्या लोकांनीं सोडली आहे. बाहुल्या आडव्या, मध्यें स्वच्छ आम्लरहित कागद घालून, सपाट पेटींत ठेवाव्या. प्रदर्शनांत मांडल्यास उजेड पन्नास लक्सच्या वर जाऊं देऊं नये व थोड्या थोड्या मुदतीनें वस्तु पालटाव्या. कातडें खाणारे किडे कच्च्या कातड्यास फार लवकर लागतात. पेटी वर्षांतून चार वेळां तरी उघडून पाहावी.

नोंदवहींत पुढील गोष्टी याव्या. कातडें कच्चें कीं कमावलेलें. रंग मुरलेला कीं लेपाचा, प्रत्येक रंगाविषयीं वेगळें. रंग एका बाजूस कीं दोन्ही बाजूंस. छिद्रांच्या कडा रंगीत कीं फिकट. काजळी आहे कीं नाहीं, व ती रंगाच्या वर कीं खालीं. ठिगळें व सांध्यांचे दोरे कोणत्या जातीचे. वस्तु कोणत्या गांवाहून, कोणत्या खेळांतील कोणतें पात्र म्हणून आली, व देणाऱ्यानें तिला आपल्या बोलींत कोणतें नांव दिलें. हें शेवटचें कलम विसरूं नये. कारण ज्या बोलींत तें नांव उच्चारलें जातें, तीच त्या घराण्याच्या प्रवासाची खूण आहे. शक्य असल्यास वस्तूचीं दोन छायाचित्रें ठेवावीं, एक समोरून उजेड देऊन व दुसरें मागून दिवा ठेवून. पहिल्यांत संग्राहकानें पाहिलेली बाहुली दिसेल; दुसऱ्यांत प्रेक्षकांनीं पाहिलेली.

अशा नोंदी एका संग्रहांतून थोड्याच निघतील. परंतु पिंगुळी, निम्मलकुंटा, कर्नाटकांतील गांवें व तामिळ प्रदेश येथून आलेल्या बाहुल्यांच्या नोंदी एका नमुन्यानें झाल्या, तर कोणत्या घराण्यांत छिद्रांची कोणती जात, लाखेचा कोणता वापर, आधीं कोरण्याची चाल कीं आधीं रंगविण्याची, हें ताडून पाहतां येईल. दूर दूर पांगलेल्या मराठी बोलणाऱ्या ह्या समाजांचें परस्परांशीं नातें काय, ह्या प्रश्नास त्यांतून कांहीं उत्तर मिळूं शकेल. बखरींतून व पत्रांतून तें मिळण्याची आशा थोडी. तोंवर आमची विनंति एवढीच कीं, ज्यांच्या संग्रहीं अशीं कातडीं असतील त्यांनीं तीं धुऊं नयेत, रंगवूं नयेत, आणि त्यांची सविस्तर टिपणें करून तीं मंडळाकडे पाठवावीं.